चुंबकाची गादी आणि ‘संशोधनाने सिद्ध’चा कागद

काका, खानापुरातल्या मोफत शिबिरात काकूंच्या गुडघ्यांसाठी चुंबकाची गादी सुचवली, सोबत ‘संशोधनाने सिद्ध’ असा छापील कागदही दिला, असं तुम्ही लिहिलंत. पैसे देण्याआधी कृपया थांबा.

विद्युतचुंबकीय उपचार सरसकट थोतांड नाहीत. न जुळणाऱ्या हाडांसाठी अशा यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) १९७९ मध्येच मान्यता दिली, नैराश्यासाठीच्या यंत्राला २००८ मध्ये. पण त्या यंत्रांतलं चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं, म्हणून शरीरात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो. गादीतलं चुंबक नुसतं पडून असतं. ‘चुंबकाने रक्तातलं लोह खेचलं जातं’ असा दावा अशा गाद्यांबद्दल करतात, तो तर साफ खोटा. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चुंबकाकडे ओढलं जात नाही. एमआरआयमध्ये माणूस दीड टेस्लाच्या, म्हणजे गादीतल्या चुंबकापेक्षा कितीतरी ताकदवान क्षेत्रात निवांत पडून असतोच की!

कागदात हे शोधा: रुग्ण किती होते, चुंबक नसलेल्या गादीवर झोपणारा गट होता का, खर्च कुणी केला? गुडघेदुखी मुळातच कमी-जास्त होते, त्यामुळे तुलनेचा गट नसेल तर गुण कशाने आला हे कळणारच नाही. चाचणी भारतातली असेल तर सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, २००९ पासून ती नोंद सक्तीची आहे.

कागद कन्नडमध्ये असेल तर फोटो टाका, मी वाचून सांगतो.