मेलेल्या खारफुटीत भरती-ओहोटीचं पाणी पुन्हा कसं खेळवायचं?

तिवरवाट (प्रश्न)
कोळंबीच्या बंद पडलेल्या तळ्याची ४ हेक्टर जागा आहे. चारही बाजूंनी मातीचा बांध, खाडीकडे ३० सेंमी व्यासाचा एकच पाइप. आत पाणी तुंबलेलं, तिवरं (खारफुटीची झाडं) उभी वाळलेली, लावलेली कांदळाची रोपंही धरत नाहीत. बांध फोडायचा तर किती ठिकाणी आणि किती रुंद? की मोठा पाइप टाकून भागेल?

सर्वेवाला
पाइपचा नाद सोडा. ४ हेक्टरवर सरासरी ४० सेंमी पाणी म्हणजे १६,००० घनमीटर. तुमच्या पाइपचं तोंड जेमतेम ०.०७ चौरस मीटर. सेकंदाला एक मीटर वेगाने अखंड वाहिलं तरी ६० तासांच्या वर लागतात, आणि दिवसातून दोनदा भरती येत असेल तर पुढची साडेबारा तासांत हजर! तळं रिकामं होतच नाही, श्वसनमुळं (चिखलातून वर येऊन हवा घेणारी मुळं) बुडालेली राहतात, झाड गुदमरतं.

५ तासांत पाणी निघायला हवं तर सरासरी ०.९ घनमीटर प्रतिसेकंद, ओहोटीच्या जोरात त्याच्या दीडपट. वेग अर्ध्या मीटरच्या आत ठेवला तर कडा ढासळत नाहीत. म्हणजे छेद साधारण ३ चौरस मीटर: अर्धा मीटर खोलीच्या पाण्याला ६ मीटर रुंदी. हे किमान धरा.

फोडण्याआधी पातळ्या घ्या, हे टाळू नका. शेजारच्या जोमदार तिवरांची खालची आणि वरची कड ऑटोलेव्हलने (उंची मोजायच्या दुर्बिणीने) मोजा आणि तळ्याच्या तळाची उंचीही त्याच बेंचमार्कवरून (पक्क्या खुणेवरून) मोजा. इथे १० सेंमीने खेळ बदलतो. एकूण वेळेच्या सुमारे ३० टक्क्यांहून जास्त काळ पाण्याखाली राहणाऱ्या जागी खारफुटी सहसा टिकत नाही. बांधाच्या आत-बाहेर एकेक मोजपट्टी रोवा आणि उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) व भांगेला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) दर अर्ध्या तासाला वाचा.

गाळमित्र
रुंदीचा हिशोब पटला, पण जागा आकड्यांवरून ठरत नाही. जुने हवाई फोटो काढा आणि मूळ उपखाडी जिथे बांधाखाली गाडली गेली तिथेच फोडा. दोन-तीन रुंद तोंडं पुरतात. तोंडाचा तळ आतल्या चराच्या तळाला मिळवा. उंबरठा राहिला की मागे डबकं राहतंच.

बांधाच्या आतून कडेकडेने खड्डा दिसेल, बांधाची माती तिथूनच काढलेली असते. तो तसाच ठेवलात तर पाणी कडेकडेने फिरून बाहेर जातं आणि मधला भाग तसाच राहतो. बांधाचीच माती टाकून तो जागोजागी बुजवा. काढलेली माती चराच्या काठाने सलग रचू नका, नवा बांध उभा राहतो.

आम्लमाती
माती हलवण्याआधी तपासा. पिवळसर डाग आणि गंजासारखं पाणी दिसलं तर आम्लाचा संशय घ्या. एक भाग माती, पाच भाग शुद्ध पाणी ढवळून सामू बघा. ४ च्या खाली आला तर ती माती एकदम पाण्यात लोटू नका, मासे मरतात. लहान तोंड उघडून काही उधाणं धुवू द्या, मग रुंद करा. चिखलात ३० सेंमी खड्डा घेऊन झिरपलेल्या पाण्याची क्षारताही रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. समुद्राचं पाणी साधारण ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) असतं. ७०-८० आलं तर रोपं लावण्यात अर्थ नाही.

तिवरवाट
तळ शेजारच्या तिवरांपेक्षा १५ सेंमी खाली निघाला तर?

गाळमित्र
झाडं मेली की मुळं कुजतात आणि जमीन बसते, म्हणून असं होतं. भरतीबरोबर गाळ येत असेल तर तोंडं उघडून वाट बघा, तळ भरत जातो. खाडीचं पाणी नितळ असेल तर मात्र बांधाची माती सखल भागात पसरावी लागेल, तीही आम्लाची नसेल तरच.

देखभालीचे पैसे आधीच बाजूला काढा. कोलंबियातल्या सिएनागा ग्रांदे दे सांता मार्ता इथे रस्त्यामुळे प्रवाह तुटून खारफुटी मेली. १९९० च्या दशकात कालवे मोकळे केल्यावर ती परतू लागली. गाळ काढणं थंडावलं तशी क्षारता पुन्हा चढली.

सर्वेवाला
रोपं लगेच लावू नका. बिया धरण्याचा एक हंगाम जाऊ द्या. शेजारी झाडं असतील तर बिया पाण्याबरोबर आपसूक येतात. वाळलेली तिवरं सगळी तोडू नका, बिया त्यांच्या बुंध्यांशी अडकून रुजतात. चरात आडवी पडलेली तेवढी उचला.