चेहरा कोणाचा, मान कोणाची? (फाउंडेशनची शेड जुळवायची कशी)

कोकमसार

फेब्रुवारीत धाकट्या दिराचं लग्न झालं, परवा अल्बम आला. स्टेजवरच्या ग्रुप फोटोत सासूबाई, जाऊबाई, नणंद सगळ्या आपापल्या रंगात उभ्या आहेत. मधे मी. हनुवटीपर्यंत पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखी, आणि खाली माझी नेहमीची सावळी मान. सहा वर्षांच्या चिरंजीवांनी अल्बमवर बोट ठेवून विचारलं, "आई, तू भूत का झालीस?" नवरा शहाणा आहे, तो पाणी प्यायला आत गेला.

तर आता माझ्याकडे तीन बाटल्या आहेत, तिन्ही निरुपयोगी.

पहिली मॉलमधली. काउंटरवरच्या मुलीने माझ्या हाताच्या पाठीवर लावून दाखवली आणि म्हणाली, "मॅम, एक शेड लाइट घ्या, फेस ब्राइट दिसतो." घेतली. अल्बममधली ती हीच.

दुसरी ऑनलाइन. व्हिडिओतल्या मुलीचा रंग मला माझ्यासारखा वाटला होता. बाटली आली ती गुलाबी. लावल्यावर अंगावर पित्त उठलंय आणि वरून कॅलामाइन थापलंय असं दिसतं.

तिसरी मी ईर्ष्येने दोन शेड गडद घेतली. घरी आरशात झकास. डोंबिवलीहून दादरला उतरून ऑफिसच्या वॉशरूममध्ये बघते तर चेहरा नारिंगी.

माझा रंग सांगायचा तर पंचाईत आहे. माहेर वेंगुर्ल्याचं, घरात सगळे सावळे. पण लग्नाच्या बायोडेटात मावशीने 'गव्हाळ' लिहायला लावलं होतं, त्यामुळे तेव्हापासून मला दोन रंग आहेत, एक कागदावरचा आणि एक खरा. त्वचा पिवळट अंगाची की गुलाबी, हे ओळखायला मनगटाच्या शिरांचा रंग बघायची ती चाचणी केली. सकाळी गॅलरीत शिरा हिरव्या, रात्री ट्यूबलाइटखाली निळ्या. सोनं शोभतं की चांदी, हेही बघून झालं. दोन्ही शोभतं, परवडत नाही तो भाग वेगळा.

शिवाय दुसऱ्या बाळंतपणानंतर गालांवर वांग आलंय. म्हणजे कपाळ गडद, गालावर डाग, जबड्याकडे जरा उजळ, मान आणखी वेगळी. यातल्या नक्की कशाशी जुळवायचं? मे महिन्यात मालवणला मामेबहिणीचं लग्न आहे, घामाचा हिशोबही धरा. बजेट हजाराच्या आत.

साधा_माणूस

कशाला ही रसायनं? बेसन आणि हळद लावा. आमच्या आजीने आयुष्यात फाउंडेशन लावलं नाही.

कोकमसार

आमच्याही नाही. पण तिला ऑफिसात कोणी "बरं वाटत नाहीये का आज?" असंही विचारलं नाही. बेसन भज्यांना राखून ठेवते.

पूर्वाश्रमीची_काउंटरवाली

पुण्यात मॉलच्या काउंटरवर पाच वर्षं उभी होते, म्हणून पापक्षालन म्हणून लिहिते.

'एक शेड लाइट घ्या' हे आम्ही म्हणायचो, कारण गिऱ्हाइकालाच तेच ऐकायचं असायचं. अचूक शेड लावून दाखवली की बायकांचा चेहरा पडायचा, "काहीच फरक नाही दिसत." अहो, फरक न दिसणं हेच तर जुळणं! दुसरं कारण म्हणजे मधल्या आणि गडद शेड कित्येकदा स्टॉकमध्येच नसायच्या. असेल ते गळ्यात मारायचं. २०१७ मध्ये फेंटी ब्यूटी या मेकअप कंपनीने एकदम ४० शेड काढल्या तेव्हा जगभर गवगवा झाला, त्यानंतर बाकीच्यांनी गडद बाजूला जरा हातपाय पसरले. तरी छोट्या दुकानात आजही चार-पाच शेड दिसतात आणि त्यातल्या तीन गोऱ्यांच्या.

आता कामाचं. हाताच्या पाठीवर कधीही बघू नका, तो हात वेगळंच ऊन खाऊन बसलेला असतो. जबड्याच्या हाडावर, गालापासून मानेपर्यंत उतरतील अशा तीन उभ्या रेघा ओढायच्या, जवळजवळच्या तीन शेडच्या. मग दुकानाबाहेर यायचं. दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवायचा नाही. पिवळ्या दिव्यात गुलाबी बाटलीसुद्धा गोड दिसते, तुमच्या दुसऱ्या बाटलीच्या व्हिडिओतही असाच काहीतरी दिवा असणार. दिवसाच्या उजेडात, सावलीत उभं राहून जी रेघ हरवते ती तुमची.

आणि लगेच घ्यायची नाही. कॉफी प्या, भाजी घ्या, अर्ध्या तासाने परत बघा. तुमची तिसरी बाटली या परीक्षेत दुकानातच नापास झाली असती.

कशाशी जुळवायचं, तर मानेशी. कपाळ आपल्याकडे बहुतेकींचं गडदच असतं. कपाळाला जुळवलंत तर मान उघडी पडते, गालाला जुळवलंत तर दोन्ही. वांगासाठी शेड गडद किंवा फिकट करू नका, त्याचा बंदोबस्त वेगळा. डागापुरता नारिंगी-पीच करेक्टर (डागाचा रंग मारायचं क्रीम) बोटाने टपटप करून लावायचा, त्यावर फाउंडेशन. करेक्टर न लावता नुसतं फाउंडेशन थापलं की डाग राखाडी होऊन डोकावतो.

नावांवर जाऊ नका, 'नॅचरल', 'बेज', 'हनी' प्रत्येक कंपनीचं वेगळं. मॅक या कंपनीवाल्यांचं तर उलटंच. त्यांच्याकडे एनसी म्हणजे पिवळट-सोनेरी अंगाच्या शेड आणि एनडब्ल्यू म्हणजे गुलाबी अंगाच्या, तर नवीन मुली सी म्हणजे कूल आणि डब्ल्यू म्हणजे वॉर्म समजून हमखास फसायच्या. आपल्याकडच्या पुष्कळ जणी एनसी ४२ च्या आसपास येतात. हजारात ते बसणार नाही, पण त्यांच्या दुकानात जाऊन आपला आकडा कळून घ्यायला पैसे पडत नाहीत. तो आकडा माहीत असला की दुसऱ्या कंपनीतली जवळची शेड हुडकणं सोपं जातं.

रंगाचा_डबा

मी रंगांच्या लॅबमध्ये काम करतो. भिंतीच्या रंगांच्या, त्यामुळे बायको मला यात तोंड घालू देत नाही. पण इथे घालतो.

फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार गोष्टींतून येतो: पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळा, तांबडा, काळा असे तीन आयर्न ऑक्साइड. शुद्धतेचे नियम कडक असतात, पण मंडळी तीच. शेड उजळ करायची म्हणजे पांढरा वाढवायचा. सावळ्या त्वचेवर तो जास्तीचा पांढरा बसला की खालचा तपकिरी त्यातून गोरा होऊन दिसत नाही, राखेसारखा दिसतो. तुमच्या अल्बमचं स्पष्टीकरण बहुधा हे. त्यावर सेटिंग पावडर, म्हणजे मेकअप टिकावा म्हणून वरून लावतात ती, लावली होती का? बारीक सिलिकाची पावडर आरशात दिसत नाही, फ्लॅशमध्ये मात्र पांढरी चमकते.

नारिंगी होण्याला सगळे 'ऑक्सिडाइझ झालं' म्हणतात. मला गंमत वाटते, आयर्न ऑक्साइड हा आधीच गंजलेला, तो आणखी काय गंजणार? भिंत ओली असताना एक रंग आणि वाळल्यावर दुसरा दिसतो, तसंच थोडं हे आहे. त्यातलं पाणी आणि उडून जाणारं सिलिकॉन उडतं, मागे रंगकण दाटून राहतात. त्यात चेहऱ्याचं तेल मुरतं. तेलात भिजलेला रंगकण गडद दिसतो, कागदावर तेलाचा डाग पडल्यावर दिसतो तसा. डोंबिवली ते दादर उभ्याने म्हणजे या दोन्ही क्रिया पूर्ण व्हायला मुबलक वेळ.

शेडला दोन बाजू असतात, किती गडद आणि कुठल्या अंगाने झुकलेली. तुम्ही तिन्ही वेळा फक्त पहिली बदलत राहिलात. शिरा कधी हिरव्या, कधी निळ्या दिसतात म्हणजे तुम्ही पिवळा आणि हिरवट यांच्या मधे कुठेतरी असाल, त्याला इंग्रजीवाले ऑलिव्ह म्हणतात. अशा त्वचेवर साधी 'वॉर्म' शेडही नारिंगी वाटते.

कोकमसार

पावडर लावली होती! ब्युटीशियनने दोनदा. भुताचं कोडं सुटलं.

ऑलिव्ह म्हणजे मी काय कच्ची कैरी का? पण पटलं. सातवीत वर्गात मला 'हिरवट' म्हणायचे, तेव्हा रडले होते. आता त्याच रंगाची शेड शोधत फिरायचंय.

नेपथ्याच्या_मागे

नाटकवाल्यांची तीस वर्षं तोंडं रंगवली, म्हणून म्हाताऱ्याचं ऐका. आमच्याकडे शेडची बाटली हा प्रकारच नव्हता. पॅनस्टिकच्या, म्हणजे घट्ट रंगभूषेच्या, दोन-तीन कांड्या, तळहातावर घोटायचं आणि समोरच्याच्या कानामागे लावून बघायचं. राजा असो वा हमाल, नट ज्या रंगाचा आहे तिथूनच सुरुवात. रंगभूषा मानेवर आणि कानावर उतरवली नाही तर पहिल्या रांगेतला प्रेक्षक मुखवटा बघत बसतो, नाटक नाही.

तेव्हा पोरी, चौथी बाटली कशाला? तिसरी आणि पहिली तळहातावर घोट. तिसरीचे तीन थेंब, पहिलीचा एक. तरी तांबडं वाटलं तर निळा मिक्सर, म्हणजे फाउंडेशनमध्ये मिसळायचा निळा रंग, मिळतो, टाचणीच्या डोक्याएवढाच घ्यायचा. निळा पडला की नारिंगी खाली बसतो. जास्त पडला तर मात्र खरंच भूत होशील. पातळ लाव, ओल्या स्पंजाने दाबून, चोळू नकोस. एक लक्षात ठेव, एक तेलाचं आणि एक पाण्याचं असेल तर ते एकमेकांत मिसळणार नाही, फुटेल.

कोकमसार

रविवारचा वृत्तान्त.

काउंटरवालीताईंच्या सांगण्यावरून स्टेशनजवळच्या दुकानात गेले, तीन रेघा ओढल्या आणि बाहेर पडले. दुकानदार घाबरून मागे आला, त्याला वाटलं टेस्टर घेऊन पळाले. फुटपाथवर वडापावच्या गाडीशेजारी मोबाइलच्या कॅमेऱ्यात जबडा बघत उभी होते, येणारे-जाणारे माझ्या गालावरचे पट्टे बघत होते. दोन रेघा दिसत राहिल्या. तिसरी सापडेचना, मला वाटलं घामाने पुसली गेली. बोट फिरवलं तर होती. अर्ध्या तासाने किंचित गडद झाली, पण नारिंगी नाही.

घेतली नाही. आधी घरी येऊन काकांचा प्रयोग केला. तीन-एकचं प्रमाण मला पांढरट गेलं, पाच-एक बरं आलं. निळा मिक्सर मागवलाय, तो आला की बघू. त्या हरवलेल्या शेडचा आकडा औषधाच्या पाकिटावर लिहून आरशाला चिकटवलाय, मिश्रण फसलं तर मेच्या आधी तीच.

वांगासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. त्यांनी रंग असलेलं सनस्क्रीन दिलं. म्हणाल्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडालाही अडवतं आणि वांग त्या उजेडानेही वाढतं. रंगाचा_डबा, तुमची मंडळी इथेही हजर! पण आता या सनस्क्रीनचीही शेड जुळवायची आली, दोनच आहेत आणि दोन्ही माझ्या नाहीत. त्याच्यावर फाउंडेशन लावलं की रंग बदलतो का?

पूर्वाश्रमीची_काउंटरवाली

बदलतो. सनस्क्रीन लावून, दहा मिनिटं थांबून मगच शेड तपासायची. म्हणजे ताई, पुन्हा वडापावच्या गाडीशेजारी.

नेपथ्याच्या_मागे

गुलाबी बाटली टाकू नकोस. आमच्या स्पर्धेच्या नाटकात एक आजारी इंग्रज आहे.