कृत्रिम समुद्री मीठ : पाणी दुधाळ होतंय, केएच (पाण्यातली कार्बोनेट क्षारता) कमी भरतोय. मीठ बदलू का?

मंगळवारपेठ_मरीन

घरच्या समुद्री माशांची टाकी ३६ × १८ × १८ इंच, वर दोन इंच मोकळे. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), झोआ आणि टोडस्टूल लेदर ही प्रवाळं आहेत. पुढे हॅमर (हाही प्रवाळच) घालायचा विचार आहे. आठवड्याला १५ लिटर पाणी बदलतो.

पद्धत अशी : बादलीत ५०० ग्रॅम मीठ, त्यावर घरच्या आरओचं पाणी (थंडीत जरा गरम करून), काठीनं ढवळायचं. अर्ध्या तासानं खारटपणा मोजायच्या काटेवाल्या हायड्रोमीटरवर १.०२५ (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) दिसलं की टाकीत ओतायचं. पाणी दुधाळ राहतं आणि बादलीच्या बुडाशी पांढरी पूड बसते.

या नव्या पाण्याची तपासणी : केएच ५.६, कॅल्शियम ३६०, मॅग्नेशियम ११४० (शेवटचे दोन पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग).
पिशवीवर ३५ पीपीटी खारटपणासाठी (पीपीटी म्हणजे हजारात किती भाग) दिलेले आकडे : केएच ८, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १२८०.

मीठच खराब आहे का? महागातलं रीफ (प्रवाळांच्या टाकीचं) मीठ घेऊ का? एक जण म्हणतोय, मिठाचा नाद सोड आणि रत्नागिरीहून समुद्राचं पाणीच आण.

प्रवाळ_राजारामपुरी

मीठ बदलू नका, तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. आधी मॅग्नेशियम बघा. पांढरी पूड बसते ती कॅल्शियम कार्बोनेटची, त्यात मॅग्नेशियम फारसं जात नाही. तरीही ते १२८० ऐवजी ११४० भरतंय, म्हणजे अकरा टक्के कमी. याचा अर्थ सगळं पाणीच पातळ आहे. ३५ च्या अकरा टक्के खाली गेलं की साधारण ३१ पीपीटी.

वजनाचा हिशोबही तिथंच येतो. बहुतेक मिठांना ३५ पीपीटीसाठी लिटरला ३८ ग्रॅमच्या आसपास लागतं. ३५ ग्रॅम पुरत नाही, कारण मिठातल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडमध्ये मुळातच पाणी बांधलेलं असतं आणि वजनकाट्यावर तेही मोजलं जातं. १५ लिटरला ५७० ग्रॅम हवं, तुम्ही ५०० घालताय.

आता ३१ पीपीटीला केएच ७.१ आणि कॅल्शियम ३७२ यायला हवं होतं. तुमचा केएच आणखी दीडनं खाली आहे, ती तुमची पांढरी पूड. १ डीकेएच (केएचचं एकक) पुडीत गेला की त्याबरोबर कॅल्शियम फक्त ७ पीपीएम जातं. दीडला ११ धरा : ३७२ वजा ११ म्हणजे ३६१. तुमच्या किटनं ३६० दाखवलंय. म्हणून पूड बसली की केएच लगेच पडलेला दिसतो आणि कॅल्शियम जागच्या जागी वाटतं.

पूड बसण्याचं कारण क्रम. मिठावर पाणी ओतलं की बुडाशी काही मिनिटं अतिखारट रबडी तयार होते. तिच्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट इतक्या दाटीनं एकत्र येतात की ते जुळून खाली बसतात, आणि मग कितीही ढवळलं तरी विरघळत नाहीत. पाणी गरम असेल तर आणखीच, कारण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. चहात साखर विरघळवतो तसा विचार इथं उलटा पडतो.

असं करा :

१. फूड-ग्रेड पिंपात पूर्ण १५ लिटर आरओ पाणी आधी भरा. कारखान्यातलं ऑइलचं किंवा केमिकलचं जुनं पिंप कितीही स्वस्त मिळालं तरी नको.
२. लहान पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) बुडाशी, तोंड वरच्या बाजूला तिरकं. हीटर २५ अंशांवर. मीठ घालण्याआधी पाणी त्या तापमानाला आलेलं असू दे.
३. पॉवरहेड चालू ठेवून मीठ मूठभर मूठभर, दहा-पंधरा मिनिटांत. आधीची मूठ दिसेनाशी झाल्यावरच पुढची.
४. शेवटचे २० ग्रॅम हातात ठेवा. पाणी स्वच्छ झाल्यावर मोजा, मग लागेल तेवढं घाला.

पिंपाला किंवा पाइपला पितळी तोटी असेल तर काढून टाका. पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते सुटतं. माशांचं निभावेल, श्रिंपचं नाही.

रंकाळा_रीफ

वरचं सगळं मान्य, पण मुळात १.०२५ म्हणजे ३५ पीपीटी नव्हे. २५ अंशांना ३५ पीपीटी म्हणजे १.०२६४, आणि १.०२५ ला जेमतेम ३३ भरतात. त्यात काटेवाला हायड्रोमीटर. नुकत्या ढवळलेल्या पाण्यातले बुडबुडे काट्याला चिकटतात, काटा वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो. काट्यावर क्षार साठले की उलट, कमी दिसतो. व्हिनेगरमध्ये भिजवून धुवा, मोजताना हलकी टिचकी मारा. त्यापेक्षा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो पाण्याच्या थेंबात प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवतो.

मंगळवारपेठ_मरीन

रिफ्रॅक्टोमीटर आहे, पडून आहे. आरओ पाण्यानं शून्यावर लावला तर चालेल ना?

रंकाळा_रीफ

शून्यावर लावून शून्यच बरोबर येतं, ३५ ची खात्री नाही. स्वस्तातले बरेच रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात. त्यांच्यावर ३५ चं समुद्री पाणी साधारण दीडनं जास्त दिसतं. ३५ चं तयार द्रावण मिळतं, ते वापरा. नाहीतर घरी करा : ९६.३५ ग्रॅम आरओ पाणी आणि ३.६५ ग्रॅम कोरडं स्वयंपाकाचं मीठ. याचा अपवर्तनांक ३५ पीपीटी समुद्री पाण्याइतकाच असतो. थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा, स्क्रू फिरवून ३५ वर आणा. वजनाला किचनचा काटा चालणार नाही, गुजरीत सोनाराकडं असतो तसला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा लागतो.

स्वयंपाकाचं मीठ एवढ्याच कामाचं. टाकीसाठी नाही, त्यात ना मॅग्नेशियम, ना केएच.

शाहूपुरी_सॉल्टी

पाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. भावा, ‘घरचा आरओ’ म्हणजे पिण्याचा ना? त्यात मेम्ब्रेनच्या पुढं मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. चवीसाठी तो थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतो. मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या नळीलाच टी-जोड टाकून पाणी घ्या, पुढं डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) नळी बसवा आणि शेवटी टीडीएस ० बघा. रेझिन संपत आलं की सिलिका आधी निसटायला लागते, कधी कधी मीटर ० दाखवत असतानाच. त्यामुळं काचेवर तपकिरी थर यायला लागला तर मिठाला शिव्या देण्याआधी रेझिन बदला.

पावसाळ्यात पंचगंगेला गढूळ पाणी येतं तेव्हा सेडिमेंट फिल्टर लवकर चोंदतो, कार्बन फिल्टरकडंही लक्ष ठेवा. क्लोरीन पुढं गेला तर मेम्ब्रेन खराब होतो. २० लिटरच्या जारचं पाणी नको, प्रत्येक प्लांटचं वेगळं असतं.

प्रवाळ_राजारामपुरी

कुठलं मीठ, हे राहिलंच. महाग किंवा स्वस्त यापेक्षा टाकी ज्या केएचवर चालते त्याच्या जवळचा केएच देणारं मीठ घ्या. लेदर, झोआ, एखादा हॅमर यांना ८ ते ९ केएच भरपूर झाला, म्हणजे तुमचं आत्ताचं मीठ पुरतं. रेड सी कंपनीच्या मिठाची निळी बादली याच वर्गातली. त्यांचंच कोरल प्रो १२ च्या आसपास केएच देतं, ते झपाट्यानं वाढणाऱ्या कडक प्रवाळांसाठी. तुमच्या टाकीत दर पाणीबदलाला केएच उगाच वर उडी मारेल. नुसते मासे असतील तर साधं मीठही चालतं.

एकदा ठरलं की दर दोन महिन्यांनी ब्रँड बदलू नका. नवी बादली उघडली की पहिल्या पाण्याचा केएच तेवढा तपासा.

न्यू_पॅलेस_नॅनो

काहीही असो, पाणी २४ तास फिरवूनच वापरायचं. सगळीकडं हेच सांगतात.

प्रवाळ_राजारामपुरी

सगळ्या मिठांना नाही. केएच ८ वालं मीठ रात्रभर फिरलं तर काही बिघडत नाही. कोरल प्रोसारख्या जास्त केएचवाल्याला कंपनीच सांगते, चार तासांच्या आत वापरा. ते २४ तास गरम पिंपात फिरवलं की हीटरवर पांढरा थर चढतो, आणि तो थर म्हणजे तुम्ही पैसे देऊन घेतलेला केएच. पाणी स्वच्छ, खारटपणा ३५, तापमान टाकीइतकं झालं की पुरे. चढलेला थर पांढऱ्या व्हिनेगरनं निघतो.

रंकाळा_रीफ

रत्नागिरीच्या पाण्याचं : कोल्हापुरातून आंबा घाट उतरून १३० किलोमीटर जायचं, परत कॅन वाहून आणायचे, आणि मिरकरवाडा बंदराजवळ भरलं तर डिझेलचा तवंग फुकट. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला गोडं पाणी मिसळलेलं असतं, पावसाळ्यात तर खारटपणा फारच खाली येतो. शिवाय पाण्यातले सूक्ष्म जीव बंद कॅनमध्ये मरतात आणि अमोनिया तयार होतो. दर आठवड्याच्या १५ लिटरसाठी हा उद्योग करण्यासारखा नाही.

मंगळवारपेठ_मरीन

रिफ्रॅक्टोमीटर द्रावणानं लावला. टाकीतच ३१ आहे. एकदम ३५ चं पाणी बदलत सुटू का? आणि उरलेल्या मिठाचे दमट हवेनं गोळे झालेत.

प्रवाळ_राजारामपुरी

एकदम नको, श्रिंप आहे. तुमच्या टाकीत दगड-वाळू वजा जाता १४५ लिटर पाणी धरू. ४ पीपीटी वाढवायला सुमारे ६३० ग्रॅम मीठ लागेल. ते कोरडं टाकीत टाकायचं नाही. रोज बाष्पीभवनानं जेवढं पाणी उडतं तेवढं आरओऐवजी ३५ चं खारं पाणी भरत राहा. उडालेल्या पाण्याबरोबर मीठ जात नाही, त्यामुळं खारटपणा हळूहळू चढतो. दिवसाला १ पीपीटीच्या वर जाऊ देऊ नका, निम्म्या वेगानं गेलात तर उत्तम. ३५ झालं की परत साधं आरओ पाणी.

गोळे बोटानं फुटत असतील तर चालतील. पण भिजलेल्या मिठात पाण्याचंही वजन असतं, म्हणून ३८ ग्रॅमवर विसंबू नका, मोजून घाला. दगडासारखे झाले असतील आणि विरघळल्यावरही पांढरं उरत असेल तर केएच पिशवीतच गेला. प्रवाळांच्या टाकीला ते वापरू नका.

उरलेलं मीठ झाकणाच्या डब्यात हवाबंद करा. वापरण्याआधी डबा आडवा करून लोळवा, कारण वाहतुकीत बारीक कण खाली बसतात आणि वरच्या अर्ध्या मिठाचा केएच वेगळा, खालच्याचा वेगळा येतो.