हवा, ओली मुळं आणि ब्रेक पॅड

हिवाळ्यात जंगलातल्या ओल्या वाटांवर माउंटन बाइक (खडबडीत वाटांसाठीची सायकल) चालवताना टायरची हवा कमी करा, असं सांगतात. हा सल्ला बरोबर. पण मुख्यतः ट्यूबलेसवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या टायरात ट्यूब नसते त्यांच्यासाठी. ट्यूब असेल तर झाडाच्या मुळावर आपटून ती रिममध्ये चिमटते, मग बसा चिखलात पॅच लावत. मी फार तर २-३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरवतो.

मी इंग्लंडात ब्रॅकनेलजवळच्या स्विनली फॉरेस्टला जातो. पाइनचं जंगल, वाटेवर बरीच खडी, त्यामुळे पाणी निचरतं. खरी भीती चिखलाची नाहीच, ओल्या मुळांची आहे. साबण चोपडल्यासारखी असतात! तिरके गेलात की पुढचं चाक सटकलंच. शक्यतो काटकोनात ओलांडायची आणि चाक मुळावर असताना ब्रेकला हात लावायचा नाही. (माझ्या डाव्या कोपराला विचारा.) डबक्याला वळसाही नको, मधूनच जा, वळसे घालून घालून वाट रुंदावते.

ऑरगॅनिक (रेझिनचे, मऊ) ब्रेक पॅड या राड्यात भराभर झिजतात. मी नोव्हेंबरातच सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे, कडक) घालतो. किंचाळतात मेले, पण टिकतात. घरी आल्यावर बादली आणि ब्रश पुरे. प्रेशर वॉशर बेअरिंगवर मारलात तर ग्रीस धुऊन निघेल.

आणि हो, डिसेंबरात इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवा विसरू नका.