स्वस्त किराणा साखळ्या: गिऱ्हाईक म्हणून आणि भागधारक म्हणून

घाऊकपेठ
कॉस्टको, म्हणजे सभासद शुल्क घेऊन घाऊक माल विकणारी अमेरिकन साखळी, तिचा वार्षिक अहवाल चाळताना किलोमागे भाव टिपलेल्या जुन्या किराणा वह्या आठवल्या, म्हणून हा धागा. दुकान स्वस्त कसं राहतं हे ज्याला उमगतं, त्याला त्या कंपनीचा शेअरही वाचता येतो, असं माझं ठाम मत आहे. मी पहिल्यांदा बघते ती दुकानातल्या वेगवेगळ्या नगांची संख्या, म्हणजे मालाचे किती प्रकार ठेवलेत ते. वॉलमार्टच्या मोठ्या दुकानात लाखाच्या वर, कॉस्टकोत ४,००० च्या आत, आल्डी या स्वस्त जर्मन साखळीत २,००० च्या आसपास. नग मोजके असले की प्रत्येकाची खरेदी प्रचंड होते, भाव पाडून घेता येतो आणि माल पडून राहत नाही. तुम्ही काय तपासता? दोन्ही बाजूंनी लिहा.

पिशवीवाली
एककाचा भाव! बाकी सगळं नंतर. पाकिटाची किंमत ठळक, किलोची कोपऱ्यात बारीक. युरोपीय संघात तो लिहिणं १९९८ च्या निर्देशामुळे बंधनकारक आहे. गफलत होते ती एकक बदललं की: एकावर १०० ग्रॅमचा भाव, शेजारच्यावर किलोचा. डिटर्जंटला तर किलोही उपयोगाचा नाही, कारण दाट पावडर कमी लागते. तिथे एका धुण्यामागे किती पडतं ते काढायचं. आणि मोठा पॅक स्वस्तच असतो असं अजिबात नाही, मधल्या आकारावर सवलत असेल तर तोच परवडतो.

ताळेबंद
कॉस्टको कुठल्याही मालावर साधारण १४-१५ टक्क्यांपेक्षा जास्त चढवत नाही. मग कमावते कुठून? २०२४ आर्थिक वर्षात निव्वळ नफा सुमारे ७.४ अब्ज डॉलर, सभासद शुल्क सुमारे ४.८ अब्ज. शुल्कामागे खर्च जवळजवळ नाहीच. म्हणून तिथे विक्रीच्याही आधी सभासद नूतनीकरणाचा दर बघा. अमेरिका-कॅनडात तो ९२-९३ टक्के राहिलाय. तो लागोपाठ काही तिमाही घसरला तर कारण शोधल्याशिवाय शेअर वाढवू नका.
गिऱ्हाइकासाठी: अमेरिकेत साधं शुल्क ६५ डॉलर, वरच्या वर्गाचं १३०. वरच्या वर्गात २ टक्के परत मिळतात, म्हणजे जादाचे ६५ वसूल व्हायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी हवी. तेवढी नसेल तर साधंच घ्या.

चिल्लर
आल्डीत जाताना ट्रॉलीसाठी नाणं न्या. ट्रॉली जागेवर लावली की परत मिळतं.

घाऊकपेठ
चिल्लर, हो, आणि त्यामुळेच ट्रॉल्या गोळा करायला वेगळा माणूस लागत नाही. मालही खोक्यासकट फळीवर, बारकोड पाकिटाच्या अनेक बाजूंना. काउंटरवरचे सेकंद वाचतात, तेच भावात उतरतात.

नवखा_गुंतवणूकदार
आल्डी, लिडलचा शेअर कुठल्या बाजारात मिळतो?

ताळेबंद
कुठेच नाही. दोन्ही आल्डी आल्ब्रेख्त कुटुंबाच्या प्रतिष्ठानांकडे, लिडल ही दुसरी स्वस्त जर्मन साखळी श्वार्त्स समूहाकडे. या धंद्यातले सर्वांत कसलेले खेळाडू बाजाराबाहेरच आहेत, ही खरी हळहळ. नोंदलेल्यांत कॉस्टको, तुर्कस्तानची बिम, पोलंडमध्ये बिएद्रोन्का चालवणारी लिस्बनची जेरोनिमो मार्टिन्श, आपली डीमार्टवाली अव्हेन्यू सुपरमार्ट्स.

पिशवीवाली
दोन आल्डी कशा काय?

चिल्लर
दुकानात सिगारेट ठेवायची की नाही यावरून भावाभावांत वाटणी झाली असं सांगतात. आल्डी नॉर्ड (उत्तर) आणि आल्डी झूड (दक्षिण). अमेरिकेतली ट्रेडर जोज् ही किराणा साखळी नॉर्डकडे, १९७९ पासून. अमेरिकेतली आल्डी मात्र झूडची.

वीटमाती
जागा मालकीची की भाड्याची, हे कुणीच लिहिलं नाही. डीमार्टच्या बहुतेक जागा मालकीच्या. भाडेवाढीचा धाक नाही, पण भांडवल विटा-सिमेंटमध्ये अडकतं आणि दुकानं सावकाश वाढतात. दुसरं, २०१९ पासूनच्या आंतरराष्ट्रीय आणि भारतीय लेखा नियमांत (अमेरिकेचे वेगळे) भाडं बहुतांशी घसारा आणि व्याजात जातं. त्यामुळे भाडेकरू साखळीचा एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) फुगलेला दिसतो. मालकीवाली आणि भाड्यावाली कंपनी एबिटडावर शेजारी ठेवलीत तर तुलना चुकलीच. घसारा आणि भाडेकराराचं व्याज दोन्ही वजा करून मग बघा.
जुन्या दुकानांच्या विक्रीवाढीचंही तेच. डीमार्ट २४ महिने झालेलीच दुकानं धरते, बऱ्याच कंपन्या साधारण वर्ष झालेली. नवं दुकान दुसऱ्या वर्षात झपाट्याने वाढतं, म्हणून दुसऱ्या पद्धतीचा आकडा गोंडस दिसतो. दोन्ही एका रकान्यात लिहू नका.

नवखा_गुंतवणूकदार
वीटमाती, हे सोन्यासारखं आहे, उतरवून घेतलं.

चलनवलन
बिम बघणाऱ्यांसाठी: २०२३ च्या वार्षिक आकड्यांपासून तिथे महागाई-समायोजित हिशेब आहे. मागच्या वर्षीच्या मूळ अहवालातला आकडा शेजारी ठेवायचा नाही, नव्या अहवालात फेरमांडणी केलेला घ्यायचा. जेरोनिमो मार्टिन्शचा हिशेब युरोत, विक्रीचा मोठा भाग झ्लॉटी या पोलंडच्या चलनात. स्थिर चलनातली वाढ, म्हणजे विनिमय दरातला बदल वगळून काढलेली, वेगळी दिलेली असते, ती वाचा.

मोजमाप
घाईत लिहितेय. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडला नाक मुरडण्याआधी घटकांची यादी वाचा, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. युरोपात दूध-मांसाच्या पाकिटावर लंबगोलात कारखान्याचा क्रमांक असतो. नामांकित ब्रँडवर तोच क्रमांक दिसला तर कारखाना एक. कृती एकच असेल असं मात्र नाही, म्हणून यादी वाचायचीच.

नफातोटा
पुरवठादाराचे पैसे किती दिवसांत चुकते होतात ते बघा. उशिरा देणाऱ्याकडे फुकटचं भांडवल असतं, पण विक्री आटली की तेच उलटतं: जुनी बिलं भागवायची आणि नवी उधारी कमी. डीमार्ट लवकर पैसे देऊन भाव पाडून घेते, मला ही रीत जास्त भरवशाची वाटते. स्पेनची दिआ आठवा. स्वस्त दुकान, ठिकठिकाणी शाखा, आणि २०१८ मध्ये नफा कमी होईल असा इशारा आल्यावर शेअर कोसळला.

पिशवीवाली
डॉलर स्टोअरबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या कमी किमतीच्या छोट्या दुकानांबद्दल, पण लिहा कुणीतरी. पाकीट छोटं म्हणून किंमत कमी, किलोमागे बघितलं तर बऱ्याचदा महाग.

ताळेबंद
पिशवीवाली, बरोबर. हातात थोडेच पैसे असलेल्या गिऱ्हाइकाला छोटंच पाकीट परवडतं, आणि म्हणून त्याचा हात आखडला की आधी तिथे दिसतं. अशी दुकानं चालवणाऱ्या डॉलर जनरलने ऑगस्ट २०२४ मध्ये वर्षाच्या विक्री-नफ्याचा अंदाज घटवला तेव्हा शेअर एका दिवसात ३० टक्क्यांहून जास्त पडला.

मोजमाप
टिश्यू रोलचं कुणी सांगेल का? पदर वेगळे, लांबी वेगळी.

पिशवीवाली
शीटची लांबी × रुंदी × एका रोलमधल्या शीट × रोलची संख्या, झालं क्षेत्रफळ. त्याने किंमत भागा. पदर सारखे असतील तरच तुलना करा, तीन पदरीपेक्षा दोन पदरीला शीट जास्त लागतात.