मदत हवी आहे: आठवी ते दहावीच्या मुलांचं वाचन सगळ्याच विषयांच्या तासाला कसं सुधारायचं?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आमच्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. काही मुलं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीजवळ राहतात, पण ज्यांची प्राथमिकची वर्षं फडावर गेली ती आठवीत येतात तेव्हा जोडाक्षराशी अडखळत असतात. तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, पुस्तकी मराठी त्यांना शाळेतच भेटते.

हे फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालासाठी २०२३ मध्ये झालेल्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नव्हता. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचं लक्ष तिसरीपर्यंतच्या मुलांवर आहे. मग जी मुलं आज नववीत बसली आहेत त्यांचं काय?

एक उदाहरण देते. दहावीला प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा आहे. तारे का लुकलुकतात, असं विचारल्यावर एका मुलीने उभं राहून सांगितलं, "वरची हवा कुठं गार, कुठं गरम असती, हालत असती, म्हणून उजेड इकडंतिकडं वळत येतो." उत्तर बरोबर होतं. तिनेच घटक चाचणीत 'कारणे द्या'खाली लिहिलं, "कारण तारे लांब असतात", आणि एवढ्यावरच थांबली. तिला विज्ञान येतं. आपाती किरण, स्तंभिका, प्रतल हे सगळं एकाच वाक्यात आलं की ती पुस्तक मिटते आणि गाइडमधलं उत्तर पाठ करायला घेते.

सध्या मी धड्यातला एक परिच्छेद स्वतः मोठ्याने वाचते, मग मुलं जोडीने वाचतात आणि आपल्या शब्दांत एक वाक्य सांगतात. फरक जाणवतो, पण पोर्शन मागे पडतो. स्टाफरूममध्ये विषय काढला की "वाचन मराठीच्या तासाला होतंच की" असं उत्तर येतं. सहकाऱ्यांना दोष देत नाही, बोर्डाच्या निकालाचा ताण सगळ्यांवरच आहे. पण एकट्या मराठीच्या बाईंवर हे सोडणं मला पटत नाही, कारण भूगोलाचं आणि गणिताचं वाचन वेगळं असतं. मुख्याध्यापक सरांनी शनिवारी एक तास बैठकीला दिला आहे.

तुमच्या शाळेत इतर विषयांचे शिक्षक यात कसे आले? पोर्शन कसा सांभाळला? आणि नववीतल्या मुलाच्या हातात, त्याला लाज न वाटता, सोपं काय द्यायचं?

प्रतिसाद १
मॅडम, मी भूगोल शिकवतो. बैठकीत वाचनावर भाषण नको, प्रत्येकाला आपल्या विषयाचे तपासलेले पेपर घेऊन यायला सांगा. आमच्याकडे तिथूनच सुरुवात झाली. कोकणात पाऊस जास्त आणि माणदेशात कमी का, याला पोरं तोंडी सह्याद्री, पर्जन्यछाया सगळं सांगत होती, कागदावर मात्र अर्धी ओळ. ते समोर दिसल्यावर कुणाला पटवावं लागलं नाही. मग एका सत्रासाठी एकच सवय ठरवली: 'कारणे द्या' आधी शेजाऱ्याला सांगायचं, मग लिहायचं. सगळ्या विषयांत तेच. ऑफ तासिकेला एकमेकांच्या वर्गात मागे बसून बघतो, शेरे मारत नाही. पोर्शनचं म्हणाल तर प्रत्येक धड्याला हे करू नका, अवघड धडे निवडा.

प्रतिसाद २
वरच्या उपायाने अक्षरओळखच कच्ची असलेल्या मुलांचं भागणार नाही, त्यांना वेगळा वेळ लागेलच. इयत्ता न बघता पातळीप्रमाणे छोटे गट करा, रोज अर्धा तास द्या. दुसरीचं पुस्तक देऊ नका. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत, त्यातल्या छोट्या गोष्टी घ्या. तांड्यावरच्या मुलांना गोष्ट आधी गोरमाटीत सांगू द्या, मग मराठीत वाचू द्या.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पेपर घेऊन बसायचं या शनिवारीच करते. सर, तुम्ही वर्गात मागे बसता तेव्हा नेमकं काय टिपता? त्याचा नमुना असेल तर कृपया इथेच टाका. आणि गणिताचं कुणी आहे का? शाब्दिक उदाहरणं मुलांकडून कशी वाचून घेता?