मदत हवी आहे: फोन हातात असलेल्या मुलाला हॅम रेडिओची (हौशी लोकांच्या रेडिओ-संपर्काच्या छंदाची) गोडी कशी लावावी?

नमस्कार मंडळी. माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे. परवा त्याला १४ मेगाहर्ट्झवर दूरच्या देशातलं एक स्टेशन ऐकवलं, तर म्हणाला, "मामा, हे फोनवरही होतं ना?" मी सांगितलं, इथे मध्ये ना टॉवर, ना सर्व्हर, ना समुद्राखालची केबल, फक्त आपली अँटेनाची तार आणि वर आयनोस्फिअर, म्हणजे रेडिओ लहरी परत खाली वळवणारा वातावरणाचा थर. त्याला पटलं, पण मन काही रमलं नाही.

मला स्वतःला मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतलिपीची, ओढ. पण २००३ साली आंतरराष्ट्रीय नियमांतली मोर्सची सक्ती गेली आणि आता बँडवर (हॅमसाठीच्या लहरींच्या पट्ट्यांवर) एफटी८चा, म्हणजे संगणकाने छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीचा, बोलबाला आहे. २०१७ मध्ये आलेला हा प्रकार १५-१५ सेकंदांच्या पाळ्यांनी चालतो आणि कानाला ऐकूही न येणारा सिग्नल उकलतो. कमाल आहे, यात शंका नाही. पण सगळं पडद्यावरच घडतं, आणि पडदा तर त्याच्याकडे आधीच आहे! मग सुरुवात यातून करावी, की आधी त्याला साधा रिसीव्हर जोडायला बसवावं? इंटरनेटवरचे एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारे) रिसीव्हर दाखवले तर उत्सुकता वाढेल की विझेल?

शिवाय घरातल्या एलईडी दिव्यांमुळे आणि चार्जरमुळे ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) एस७पर्यंत, म्हणजे सिग्नल मीटरवर बरीच वर, नुसती खरखर असते. तारांना फेराइट (खरखर अडवणारे चुंबकीय मणी) लावले, फरक थोडाच पडला. ऐकण्यापुरता छोटा मॅग्नेटिक लूप (कड्यासारखा अँटेना) कामी येईल का?

कुणी एखाद्या मुलाला या छंदात टिकवलं असेल, तर नेमकं काय केलं ते जरूर सांगा.